बोललं की मासे जातात

३ फेब्रुवारी

वही नवीन नाही. दादाच्या कामाचं जुनं रजिस्टर आहे, लिफ्टच्या दुरुस्तीचं. प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेत: तारीख, तक्रार, काय केलं. पुढची पानं दादाच्या अक्षरात भरलेली ("दार मधेच अडते", "तेल दिले"), मागची कोरी. वहिनी म्हणाली, रद्दीत जाणारच होती, तू घे.

तक्रार: दादा बोलत नाही.
काय केलं: मला बोलावलं.

हे वहिनीचं डोकं. ती चष्म्याच्या काचा घासते, रजा मिळत नाही. फोनवर म्हणाली, "भिंगरी, असशील तिथून ये. हा चार महिने घरात पाहुण्यासारखा बसलाय. 'मीठ दे', 'दार लाव', संपलं." मी तेव्हा एका तळ्याकाठच्या हॉटेलात चादरी बदलत होते. त्याआधी बेकरीत, त्याआधी सर्कशीच्या तिकीट खिडकीत. सर्कशीत एक बाई एकाच वेळी सात ताटल्या फिरवायची आणि घरी गेल्यावर म्हणे नवऱ्याला एक ताटली उचलू द्यायची नाही. असो. शाळेत माझ्या निबंधावर "विषय सोडून" असा शेरा असायचा, तो खरा होता.

विषय असा. ऑक्टोबरात दादा आणि त्याचा जोडीदार एका उंच इमारतीत लिफ्टच्या पोकळीत काम करत होते. जोडीदाराला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण काम करताना तो सतत शिट्टी वाजवायचा. त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा हूक तुटला आणि तो खाली गेला. चौकशीत हुकाचाच दोष निघाला. तिथे दुसरं कुणी नव्हतं, एकटा दादा.

त्याने मला दारात बघितलं आणि म्हणाला, "किती वाळलीस." दोन शब्द. वहिनी म्हणाली, आठवड्यातला विक्रम आहे.

५ फेब्रुवारी

पहिली बैठक. अशा वीस, आठवड्यातून दोन. चौथ्या मजल्यावर आहे ते ठिकाण. लिफ्ट आहे, पण दादा तिच्या समोरूनही जात नाही, भिंतीला खांदा घासत जिन्याकडे वळतो. मीही चढले. जिन्यात एका खिडकीला निळी काच होती आणि बाकी सगळ्या साध्या, का ते कुणी सांगेना.

आत दोन खोल्या. पहिल्या खोलीत डोक्याचा व्यायाम, दुसरीत बोलणं. दोन्ही मिळून एकच उपचार, असं ते म्हणतात. पहिल्या खोलीतल्या माणसाला मी तारवाला म्हणते. तो केसांत चिकट पेस्ट लावून डोक्यावर चार-पाच बटणं चिकटवतो, कानाला चिमटे लावतो, आणि समोरच्या पडद्यावर फिल्म लावतो. दादाने माशांची निवडली. डोकं ताणलं की फिल्मवर धुकं येतं, सैल झालं की मासे स्वच्छ दिसतात.

"पण सैल कसं करायचं?" मी विचारलं.

"ते मलाही सांगता येत नाही," तारवाला म्हणाला. "सायकल शिकताना तोल कसा सांभाळायचा हे कुणी सांगितलं होतं? डोकं आपलं आपण शिकतं. आपण फक्त त्याला आरसा दाखवायचा."

"आणि नाही शिकलं तर?"

"ताई, आज पहिला दिवस आहे."

दादाला ती मशीन आवडली. त्याने वाकून मागची वायर बघितली आणि बोटाने प्लग नीट बसवला. वीस मिनिटांत मासे दोनदा दिसले.

१२ फेब्रुवारी

दुसऱ्या खोलीत गप्पाबाई. डॉक्टर आहेत, पण पांढरा कोट नाही, पायांत लोकरीचे मोजे, आणि चष्मा दोरीला. दादा त्यांच्याकडे एकटा जायला तयार नव्हता. म्हणाला, भिंगरी बरोबर असेल तर. मला किती बरं वाटलं! इतकी वर्षं मी घरात कुणाच्या कामाची नव्हते.

बाईंनी विचारलं, "झोप कशी आहे?"

दादा जमिनीकडे बघत राहिला. मी म्हटलं, "तीनला उठतो, मग पाचपर्यंत पंख्याकडे बघतो."

"जेवण?"

"अर्धं ठेवतो. वहिनीला वाटतं तिच्या हाताची चव गेली."

"कामावरच्या मित्रांची आठवण येते?"

"येत असणारच की," मी म्हटलं, आणि शिट्टीबद्दल जे जे माहीत होतं ते सांगितलं. मग सर्कशीतली ताटल्यांची बाई कशी निघाली आठवत नाही, पण ती निघाली.

बाई हसल्या. म्हणाल्या, "मी हे यांना विचारलं होतं."

"हो, पण त्याला वेळ लागतो. तोवर मी आहे ना."

दादाने माझ्याकडे बघून मान हलवली. खूश होता. आज चाळीस मिनिटं छान गेली, एक क्षण शांतता नव्हती.

१८ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी शिट्टीची बायको येते. कपड्यांच्या दुकानात पँटी आखूड करून देते, तिला शिवणताई म्हणते मी. बसते, पाणी पिते, आणि एकच विचारते: "शेवटी काही बोलला का हो तो?"

दादा म्हणतो, "ताई..." आणि तिथेच थांबतो. मग ती आणि वहिनी दुसरंच काहीतरी बोलतात. अर्ध्या तासाने ती उठते. वहिनी म्हणाली, ऑक्टोबरपासून एक रविवार चुकला नाही.

मला ते बघवेना. ती निघाली तशी मी चपला न घालता फाटकापर्यंत गेले आणि म्हटलं, "ताई, दादाला बोलता येत नाही, पण मला त्याने सांगितलंय. त्याने शेवटी तुमचंच नाव घेतलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "बरं."

कुणाचं काय गेलं? एवढं एक वाक्य तिला आयुष्यभर पुरेल. घरी येऊन वहिनीला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, पण मला वाटतं तिलाही ते पटलं.

१९ फेब्रुवारी

वहिनीने दादाला सांगितलं असावं. सकाळी तो माझ्याशी "चल"सुद्धा बोलला नाही. पडद्यावर वीस मिनिटं नुसतं धुकं. गेल्या वेळी मासे निम्मा वेळ दिसले होते. तारवाल्याने दोनदा बटणं बदलली. मी म्हटलं, पेस्ट सुकली असेल. तो म्हणाला, पेस्ट नवीन आहे.

गप्पाबाईंकडे मीच बोलले. त्या लिहीत नव्हत्या काही, नुसत्या कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होत्या, टेनिसच्या मॅचमध्ये बघतात तसं. पण चेंडू सगळे मीच मारत होते.

२८ फेब्रुवारी

मैत्रिणीचा निरोप आला: तळ्यावरचा सीझन सुरू होतोय, ये. माझे तळपाय शिवशिवायला लागले. इथे येऊन पंचवीस दिवस झाले, म्हणजे माझ्या हिशेबाने मुक्काम संपला. दादाला म्हटलं, "चार दिवस जाऊन येते."

"जा की," तो म्हणाला.

दुपारी झोपून उठले तर माझी बॅग अंगणात उलटी पडलेली. तिचं एक चाक वर्षभर घासत होतं. दादाने ते काढून, धुऊन, वंगण घालून, नवीन खिळा ठोकून बसवलं होतं. हाताने फिरवून दाखवलं. आवाज नाही.

"आता कुठेही ने," म्हणाला.

चार महिने ज्याने पाना हातात धरला नाही त्याने माझं चाक बसवलं, आणि तेही मी जावं म्हणून. मला राग आला की रडू आलं ते कळलं नाही. बॅग परत माळ्यावर टाकली. वहिनी म्हणाली, "अगं, एवढं चाक दुरुस्त केलं त्याने!" म्हटलं, म्हणूनच.

५ मार्च

गप्पाबाईंनी आज मला बाहेर बसवलं. "आज फक्त ते आणि मी." मी बाकावर बसून भिंतीवरची घड्याळं मोजली (एकच होतं). चाळीस मिनिटांनी दार उघडलं. दादाचा चेहरा जसाच्या तसा.

"काय बोललात?" जिन्यात मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे मला सांगायचं नाही?"

"म्हणजे काहीच नाही. त्या बसल्या, मी बसलो."

घ्या! आणि मी असताना निदान गप्पा तरी होतात. पण एक खरं, तो आता रात्री सलग पाच तास झोपतो. मासे निम्म्याहून जास्त वेळ दिसतात. तारवाला म्हणतो डोकं शिकतंय. मग तोंड का शिकत नाही?

१२ मार्च

आज मजा झाली. दादा खाली पाण्याच्या नळाशी थांबला होता, तोवर मी तारवाल्याच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, मला लाव. तो नाही म्हणत होता, पण मी ऐकते होय? बटणं लावली, मासे सुरू.

मी म्हटलं, "अय्या, तो पिवळा बघा—" आणि मासे गेले. धुकं.

"ताई, जबडा हलला की सगळ्या रेषा नाचतात. बोलायचं नाही."

"बरं, नाही बोल—" धुकं.

"ताई."

"अहो मी फक्त म्हणत होते की—" धुकं.

मागून कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं तर दादा. दाराच्या चौकटीला धरून हसत होता, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. "हिला चाळीस सेकंदसुद्धा मासे मिळायचे नाहीत," तो तारवाल्याला म्हणाला. अख्खं वाक्य! मग त्याचा चेहरा एकदम उतरला, हसताना कुणी पकडल्यासारखा, आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

त्याच्या मागे गप्पाबाई होत्या, लोकरीच्या मोज्यांत, आवाज न करता आलेल्या. त्या हसल्या नाहीत. पडद्याकडे बघत होत्या.

१५ मार्च

हे आजचं आजच लिहायला हवं. भरभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

गप्पाबाईंनी आज दोघांनाही तारांच्या खोलीत बसवलं. म्हणाल्या, "आज उलटं करू या का? बटणं भिंगरीला लावू. ती मासे सांभाळेल. तुम्ही बाजूला बसा, बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर मासे बघा." मग मला विचारलं, "चालेल? नको असेल तेव्हा हात वर करा, थांबू." मी म्हटलं चालेल. दादा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

मी गप्प. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं. मासे येत-जात होते. शिंक यावी तशी वाक्यं येत होती आणि मी ती गिळत होते. हळूहळू पाणी निवळलं. पिवळा मासा आला, त्याच्यामागे दोन पट्टेरी.

आणि दादा बोलायला लागला. माझ्याशी नाही, बाईंशी नाही. माशांशी.

"सातव्या मजल्याच्या दाराशी मी उभा होतो. तो आत, कठड्यावर. मी हत्यारं द्यायची आणि तो लावायचा. काम संपलंच होतं. आणि फोन आला."

थांबला. मासे फिरत होते.

"हिचा."

मी तोंड उघडलं नाही. शपथ. पण पडदा पांढरा झाला. एक मासा नाही.

दादाने पडद्याकडे बघितलं. "गेले," तो हळूच म्हणाला.

"येतील," बाई म्हणाल्या. "आपण थांबू."

तो थांबला. मला कळलं तो माझ्यासाठी थांबलाय, मी कशी आहे ते तो पडद्यावर बघतोय. मी हात वर केला नाही. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, मी तो आवाज धरून बसले. किती वेळ गेला माहीत नाही. एक पट्टेरी मासा धुक्यातून आला. मग दादा पुढे बोलला.

"ही काहीतरी सांगत होती. हिच्या हॉटेलातलं, एका म्हाताऱ्याचं. मला हसू आवरेना. मी जोरात हसलो. आतून तो म्हणाला, 'काय झालं रे? मला पण सांग.' तोही हसायला लागला होता, मी हसतोय म्हणून. मी फोन खाली केला, त्याला सांगायला वळलो. तो नव्हता."

मासे पुन्हा गेले. तो पुन्हा थांबला. आले.

"ताई विचारतात शेवटी काय बोलला. काय सांगू? की मी हसत होतो? आणि हिला कळलं असतं तर हिने परत फोन केला नसता. हिचा फोन आला की..." त्याने हवेत हाताने खिडकी उघडल्यासारखं केलं. "नंतर हिने त्यांना सांगून टाकलं की त्याने नाव घेतलं. आता मी खरं सांगितलं तर ही खोटी पडते."

माझी फिल्म संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तारवाल्याने बटणं काढताना माझ्या केसांतली पेस्ट नेहमीपेक्षा हळू पुसली. जिन्यात दादाने माझा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा, मनगटाला.

१६ मार्च

काही नाही.

१७ मार्च

मला वाटायचं त्या दिवशी फोन रेंज गेली म्हणून कट झाला. मी चिडले होते. दोन दिवस मुद्दाम फोन केला नाही. मग अपघाताचं कळलं, पण तो किती वाजता झाला ते मी कधी विचारलंच नाही.

सकाळी बॅग माळ्यावरून काढली. वहिनी दारात उभी राहिली. जाऊ नको म्हणाली नाही. म्हणाली, "तो सकाळपासून तीनदा विचारून गेला, भिंगरी उठली का." बॅग ठेवली.

१९ मार्च

बैठक झाल्यावर मी एकटी आत गेले. दार लावलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, "माझ्या फोनमुळे झालं का?"

गप्पाबाई म्हणाल्या, "हूक तुटला. फोनने हूक तुटत नाही."

"पण दादा बघत असता तर?"

"तर त्यांनी त्याला पडताना बघितलं असतं."

मी खुर्ची ओढून बसले. त्या म्हणाल्या, "हे मी सांगितलं म्हणून तुम्हाला आज पटणार नाही. त्यांनाही पटलेलं नाही. वेळ लागतो. गुरुवारी त्यांच्यानंतर तुमची अर्ध्या तासाची वेळ ठेवलीय."

"मला काय झालंय?"

"काही नाही. या नुसत्या."

मग मी फाटकाशी बोललेल्या खोट्याबद्दल सांगितलं. मला वाटलं, म्हणतील काही हरकत नाही. म्हणाल्या, "मग काय करायचं ठरवलंय?"

असल्या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा गप्प बसून मासे बघणं बरं.

२५ मार्च, रविवार

आज शिवणताई यायच्या आधी आम्हीच तिच्याकडे गेलो. दादा आणि मी. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, खोलीत मशीन, मशीनवर कुणाची तरी अर्धी उसवलेली पँट, सुया टोचलेली उशी. तिने खुर्चीवरचे कपडे उचलून आम्हाला जागा केली आणि स्वतः स्टुलावर बसली.

आधी मी. वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, "ताई, मी खोटं बोलले. नाव घेतलं असं दादाने मला सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनाने सांगितलं."

"माहितीय," ती म्हणाली.

"कसं?"

"अगं, अठरा वर्षांत त्याने मला एकदा नावाने हाक मारली नाही. 'ऐकतेस का' आणि 'कुठे गेलीस', एवढंच. मरताना कुठून आठवेल त्याला नाव?" तिने पँटीचा एक धागा तोडला. "तू लहान आहेस. बरं वाटावं म्हणून बोललीस. पण मी खरं ऐकायला येत होते, बरं वाटायला नाही."

मग तिने दादाकडे बघितलं. विचारलं नाही काही.

दादा बोलला. इथे मासे नव्हते, तेव्हा त्या उशीतल्या सुयांकडे बघत बोलला. सातवा मजला, कठडा, फोन. फोन कुणाचा तेही सांगितलं. मी तिथेच बसून राहिले. "मी हसत होतो ताई," तो म्हणाला. "त्याचं शेवटचं म्हणजे, 'काय झालं रे, मला पण सांग.' तोही हसत होता."

ती पँटीची शिवण बोटाने चाचपत राहिली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, सुरू होत नव्हती. मला वाटलं आता ती आम्हाला उठा म्हणेल. मला वाटलं ती माझ्याकडे बघणारसुद्धा नाही.

"हसत होता?"

"हो."

"नक्की?"

"मला ऐकू येत होतं."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मग सांग की," ती म्हणाली. "काय होतं ते?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी सांगू शकले असते, ती माझीच गोष्ट, मी ती दहा ठिकाणी सांगून हशा घेतलाय. मी ओठ मिटून घेतले.

"तो म्हातारा स्टेशनवर पोहोचला," दादा म्हणाला. "म्हणजे, त्याला जायचंच नव्हतं. थांबा. आधी हिने चुकीचं दार वाजवलं. पाच वाजता. दुसऱ्याच कुणाला उठवायचं होतं, आणि हिने याला उठवलं. गाडी आलीय म्हणाली. तर हा उठला, दाढी केली. आधी बॅग भरली. नाही, आधी दाढी. आणि बॅग घेऊन गाडीत बसला बिचारा!" पुढचं वाक्य त्याला हसू येऊन सांगता येईना. सगळी गोष्ट त्याने शेपटाकडून धरली होती. मी एकदाही दुरुस्त केलं नाही.

ती हसत नव्हती, पण तिची नजर त्याच्या तोंडाकडे लागली होती. "आणि? पुढे?"

"पुढचं मला माहीत नाही," दादा म्हणाला. "मी तिथपर्यंतच ऐकलं."

दोघं माझ्याकडे वळले.

मग मी तोंड उघडलं. "स्टेशनवर गेल्यावर त्याला आठवलं की आपला मुक्काम अजून तीन दिवस आहे. परत आला. मी हात जोडून उभी. तर मलाच म्हणतो, 'तुम्ही इतक्या विश्वासाने उठवलंत, मला वाटलं मीच विसरलो.'"

दादा हसला. पाच महिन्यांनी त्याला शेवट मिळाला, तो पोटातून हसला आणि तसाच रडायला लागला. शिवणताईही हसली, तोंडावर पदर दाबून, मग पदर डोळ्यांवर गेला आणि तिथेच राहिला. "त्याला फार आवडलं असतं हे," ती पदराच्या आतून म्हणाली. "आठ दिवस तेच तेच सांगत बसला असता मला."

बराच वेळ गेला. तिने उठून तोंड धुतलं, आम्हाला पाणी दिलं, स्टूल दादाच्या समोर ओढलं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. नीट."

दादाने सुरुवात केली. या वेळीही स्टेशनपासूनच.